चमच्याची परीक्षा

६ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी पाव कापताना कॉन्व्हेंटचं जेवणघर आठवलं. लांब टेबलं, पाठ नसलेली बाकं, आणि जेवताना अवाक्षर काढायचं नाही हा नियम. दीडशे मुली जेवायच्या आणि आवाज फक्त चमच्यांचा. मी अकरा वर्षांची, धाकटी आठची. आम्हा दोघी बहिणींची पाठ स्वयंपाकघराच्या दाराकडे असे. आत काही पडलं की धाकटी टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर बोट टेकवी. एक बोट म्हणजे चमचा, दोन म्हणजे काटा, मूठ म्हणजे वाडगा. मी तिच्या गुडघ्यावर माझं उत्तर देई. मग मान चोरून वळवायची आणि बघायचं. हरेल तिने आपल्या पावाची कड द्यायची. त्या पावात कडच काय ती खाण्यासारखी, मधला भाग ओल्या खडूसारखा.

एका गुरुवारी तिचं एक बोट, माझी दोन. काटाच होता. तिने कड माझ्याकडे सरकवली आणि सूपमध्ये दोन टिपं गाळली. बस, एवढंच. पण ती अजून म्हणते, "ताई, सात वर्षांत एकदाही मला जिंकू दिलं नाहीस."

नाहीच दिलं. त्याच कानांवर मी पुढे एकतीस वर्षं पोट भरलं.

मार्चअखेर मी निवृत्त होते. आमची कंपनी कानाची मशिनं बनवते आणि मी ती गावोगाव जाऊन लोकांना जुळवून देते. बंद खोलीत मशीन लावलं की प्रत्येकाला वाटतं, आपण बरे झालो. खरी कसोटी बाहेरच्या गलक्यात. म्हणून मी पहिल्यापासून एक रीत ठेवली. मशीन बसवलं की त्याच दुपारी त्या माणसाला हॉटेलात जेवायला न्यायचं, स्वयंपाकघराकडे पाठ करून बसवायचं, गप्पा मारायच्या आणि वाढप्याला खूण करून त्याच्यामागे चमचा पाडायला लावायचा. माणूस दचकला तर मशीन फार कडक. ढिम्म बसला तर फार मऊ. नुसती मान वळवून हसला तर जमलं. ऑफिसात याला 'बाईंची चमच्याची परीक्षा' म्हणतात. आधी हसून म्हणायचे, मग आदराने.

त्यापायी हॉटेलं धुंडाळायची सवय लागली. माझ्या काळ्या वहीत त्रेसष्ट आहेत. कुठे काय खावं आणि कुठे काय ऐकू येतं, दोन्ही. नव्या मॅडम म्हणतात, "बाई, ही वही आपण छापू. तुमच्या नावाने. प्रत्येक नव्या माणसाच्या हातात देऊ." फक्त शेवटच्या दौऱ्यात हॉटेलं एकदा तपासून घ्यायची. मॅडमचं वय चौतीस. कानामागून आल्या आणि तिखट झाल्या, पण हे मात्र गोड बोलल्या.

९ फेब्रुवारी, गुरुवार

पहिलं गाव. दोन दारांचं हॉटेल. एकोणीस वर्षांपूर्वीची माझी नोंद: "लोण्यात परतलेला मासा, बरोबर लिंबू. मागल्या दाराशी कपबशा विसळणारी बाई बशा अशा रचते की जणू कुणी पायात घुंगरू बांधून जिना उतरतंय. सुऱ्यांचा आवाज बारीक आणि स्वच्छ. परीक्षेला उत्तम."

मासा तसाच आहे. बाकी सगळं मेलं. बाई तीच, बशा त्याच, पण आता रचते की कापसात गुंडाळते कळत नाही. खुर्च्या सरकतात तेवढ्या ऐकू येतात, बाकी नुसती भुणभुण. गल्ल्यावरच्या पोरीला विचारलं, "भिंतींना काही लावलंय का?" ती काहीतरी तोंडातल्या तोंडात पुटपुटली. हल्लीच्या मुलींना दात विचकायला येतं, शब्द उच्चारायला येत नाही. आम्हाला मदरनी रूळ हातात घेऊन उच्चार शिकवले होते.

वहीत हॉटेलावर काट मारली.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

याच गावात दुसरं आणि तिसरं. दोन्हींवर काट. बटाट्याच्या वड्या अजून चांगल्या.

मुक्कामाच्या खोलीच्या खिडकीबाहेर पूर्वी पहाटे चिमण्या झोपू देत नसत. झाड तेच आहे. पाखरं गेली.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

घरी. धाकटीशी वाजलं. नवरा गेल्यापासून ती माझ्याकडे राहते, म्हणजे बारा वर्षं. अलीकडे तिने एक उर्मट चाल धरली आहे. स्वयंपाकघरातून हाक मारायची सोडून ती माझ्यासमोर येऊन उभी राहते, टेबलावर दोनदा थाप मारते आणि मग बोलते. जणू मी शाळेतली ढ मुलगी.

"थापा कसल्या मारतेस? मला तोंड नाही की तुला?"

"तोंड आहे गं, म्हणून तर समोर येते."

"यात काय अर्थ?"

"काही नाही. चहा घे, निवतोय."

दारावरची घंटाही तिने बदलली. पूर्वीची किणकिणायची, आता घों करणारी आणली आहे, म्हशीसारखी. म्हणे स्वस्तात मिळाली. सुंदर वस्तू घरातून एकेक करून घालवायच्या हा तिचा म्हातारपणचा छंद दिसतो.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

दुसरं गाव. नवीन माणूस: घड्याळजी. चौऱ्याहत्तर वर्षांचे, घड्याळं दुरुस्त करतात, दुकान अजून स्वतः उघडतात. सून घेऊन आली होती. सून म्हणाली, "घड्याळ कानाला लावतात आणि नुसते बघत राहतात हो. जेवत नाहीत नीट."

मी त्यांना समजावलं की वयाने उंच पट्टीचे आवाज आधी जातात, टिकटिक, किणकिण, बायकामुलांचं बोलणं. खालच्या पट्टीचे राहतात. त्यामुळे माणसाला वाटतच नाही आपल्याला ऐकू कमी येतं. त्याला वाटतं, लोकच नीट बोलत नाहीत. घड्याळजी हसले. म्हणाले, "म्हणजे घड्याळ मागे पडलं की जगच पुढे पळतंय असं वाटतं, तसं."

मशीन देण्याआधी मी ते नेहमी तपासणीच्या नळीतून स्वतः ऐकून बघते. कंपनीचा माल हल्ली बुळा येतो. उंच पट्टी अगदीच फिकी. नेहमीप्रमाणे दोन घरं वर चढवून दिली.

मग आरशांच्या हॉटेलात. हे एक हॉटेल अजून जिवंत आहे! चारी भिंतींना आरसे, जो तो समोर दिसतो आणि माणसं स्पष्ट बोलतात. कांद्याचं सूप मागवलं, वर भाजलेला पाव. वाढप्याला खूण केली. मेल्याने चमचा पाडलाच नाही. पुन्हा खूण. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा डोळे वटारले तेव्हा त्याने हात वर करून दाखवला की पाडला. गालिच्यावर पाडत असणार.

घड्याळजींनी मात्र ऐकलं! टेबलाचा कपडा दोन्ही मुठींत घट्ट धरला होता आणि डोळ्यांत पाणी. बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला येतं तसं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. सून खाली बघत होती. अशा दिवसांसाठी ही नोकरी केली.

२७ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिस. मॅडमनी दार लावून घेतलं.

"बाई, घड्याळजींच्या सुनेचा फोन होता. ते मशीन घालत नाहीत. डोकं दुखतं म्हणतात."

"महिना जाऊ द्या. सवय लागते."

"हे एकच नाही ना. दीड वर्षात तुमच्याकडची अकरा मशिनं खणात पडून आहेत."

"लोक नाजूक झालेत. थोडा आवाज सोसवत नाही."

त्यांनी फाईल उघडली. मग कागद चाळत, माझ्याकडे न बघता काहीतरी म्हणाल्या. मी म्हटलं, "वर बघून बोला." तर म्हणाल्या, "यंदापासून सगळ्या स्टाफचे कान तपासायचे ठरलंय. तुम्हीही या एकदा."

"सोनाराने कान टोचावेत हे खरं," मी म्हटलं, "पण सोनाराचेच टोचायला निघालात?"

उठून आले. एकतीस वर्षं. ही बाई दुसरीत असेल तेव्हा मी आवाजावरून काटा की चमचा ते सांगत होते. वही छापायची आहे म्हणून गोड बोलतात, बाकी म्हातारी कधी जाते याची वाट बघतात. वहीत आतापर्यंत चौदा हॉटेलांवर काट मारली आहे. छापा आता उरलेली, म्हणावं.

२ मार्च, गुरुवार

हे लिहायलाच हवं. 

शेवटचं गाव. जिन्याखालचं हॉटेल. सहा टेबलं, वरून माणसं चढतात-उतरतात आणि खाली सफरचंदाचं गरम पुडिंग. मालकीण माझ्याच वयाची, पंचवीस वर्षांची ओळख. तिच्या शिट्टीच्या किटलीवर माझ्या वहीत आख्खं पान आहे: "पाणी उकळलं की ही किटली अशी किंचाळते की बहिऱ्यालाही वाटावं कुणीतरी आपल्याला हाक मारतंय. मशीन फार कडक असेल तर इथे कळतंच."

मी बसल्याबसल्या म्हटलं, "तुझंही स्वयंपाकघर मेलं गं. तासभर बसले, किटली एकदाही वाजली नाही. मोडीत काढलीस?"

तिने फडक्याला हात पुसले. 

"चहा घेतेस?"

"चहाचं काय विचारतेस, मी किटलीचं विचारते."

"तेच सांगते. बस अशी, माझ्याकडे तोंड करून."

वाढपाच्या खिडकीतून शेगडी दिसते. तिने किटली ठेवली. तीच, कानाशी पोचा आलेली. मी बघत होते. आधी तोटीतून वाफेची बारीक रेघ आली, मग जाड झाली. झाकण थडथडायला लागलं. कोपऱ्यातले दोघे गृहस्थ बोलायचे थांबले. जिन्यावरून उतरणारी बाई वळून बघायला लागली. आणि माझ्या शेजारच्या टेबलावरच्या लहान मुलीने चमचा टाकला आणि दोन्ही कानांत बोटं घातली.

मला काहीही ऐकू येत नव्हतं.

मालकीणबाईने शेगडी बंद केली. मुलीने बोटं काढली. सगळे पुन्हा जेवायला लागले.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"काय बोलू? वैद्याला कुणी सांगायचं, बाई गं तूच आजारी आहेस म्हणून? मला वाटलं तुला ठाऊक असेल. तू मशीन लपवून लावत असशील केसांखाली." मग म्हणाली, "पुडिंग खा. त्याचं काही बिघडलेलं नाही."

खाल्लं. चव लागली नाही.

३ मार्च, शुक्रवार

ज्या खोलीत लोकांना तपासते, त्याच खोलीत दार लावून स्वतःला तपासलं. आलेख काढला. असे पाच हजार तरी काढले असतील. डावीकडून सपाट येतो आणि मग एकदम जिना उतरतो. माझा तळघरापर्यंत उतरला.

कानाचा आलेख कसा वाचायचा हे मी लोकांना शिकवलं. 'माणसाला वाटतच नाही' हे वाक्य मीच दहा दिवसांपूर्वी घड्याळजींना ऐकवलं, वर टाळी घेतल्यासारखी हसले. पाखरं गेली, पोरी पुटपुटतात, बशा कापसात. मागची पानं वाचवत नाहीत. फाडणार मात्र नाही.

४ मार्च, शनिवार

घड्याळजींच्या दुकानात गेले. भिंतभर घड्याळं, लंबक हलताहेत आणि सगळं मुकं. ते भिंग लावून बसले होते.

"मशीन कुठंय?"

"खणात. सुटे काटे ठेवतो तिथे." मग अजीजीने म्हणाले, "बाई, रागावू नका. इथे एकशेचाळीस घड्याळं. ते लावलं की प्रत्येक टिक खिळा ठोकल्यासारखी."

"मग त्या दिवशी हॉटेलात रडलात ते..."

"तीन चमचे पडले हो."

मी बसायला जागा शोधली. सुनेने स्टूल पुढे केलं.

"मला का नाही सांगितलंत? त्याच क्षणी?"

"तुम्ही केवढ्या आनंदात होता. माझा हात धरलात. आणि पहिला चमचा पडला तेव्हा तुमची पापणीही हलली नाही." त्यांनी भिंग काढलं. "मी घड्याळजी आहे. कुठला काटा मागे पडलाय हे मला दिसतं. म्हटलं, दुखऱ्यावर कशाला बोट ठेवा."

म्हणजे ते आठवडाभर डोकेदुखी सोसत राहिले, माझं मन मोडू नये म्हणून. मालकीणबाई गप्प राहिली मायेने. सगळ्यांनी मला जपलं. अकरा माणसं त्या जपण्यापायी पुन्हा बहिरी झाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं; मदरचा रूळ परवडला.

त्यांचं मशीन दोन घरं खाली आणलं. आकड्यांवरून, कानावरून नाही. त्यांनी एक मनगटी घड्याळ उचलून कानाशी धरलं. मान किंचित कलली आणि ते हसले.

मी त्यांच्या चेहऱ्यावर घड्याळ ऐकलं.

८ मार्च, बुधवार

दोन रात्री विचार केला. गप्प बसले तर कुणाला कळणार नाही. मार्चअखेर हार, भाषण, वहीवर नाव. लोक खणातली मशिनं खणात ठेवतील आणि स्वतःलाच दोष देतील. म्हाताऱ्या माणसांना त्याची सवयच असते.

आज मॅडमसमोर आलेख ठेवला.

त्यांनी तो नीट वाचला. शिकल्या आहेत, मानलं पाहिजे. म्हणाल्या, "मला शंका होती. मी आडून आडून सुचवलं होतं."

"आडून का? उभं राहून सांगायचं. बहिऱ्याला आडून सुचवतात का कुणी?"

त्यांनी आलेख फाईलमध्ये ठेवला. मग कामाचं बोलल्या. दीड वर्षातली सगळी मशिनं पुन्हा तपासणार. माझा दौरा आजपासून बंद. निरोपाचा कार्यक्रम "साधेपणाने" करू, म्हणजे करणार नाहीत. वही छापतील, कारण वही उपयोगी आहे, पण नाव "सध्या" घालता येणार नाही. कंपनीच्या दृष्टीने ते बरं दिसणार नाही.

मी म्हटलं, "तुमचं बरोबर आहे." बरोबर आहेच. म्हणून जास्त झोंबलं.

१२ मार्च, रविवार

धाकटीला सगळं सांगितलं. ती नुसती ऐकत होती, आश्चर्याचा मागमूस नाही. तेव्हा टेबलावरच्या थापा आठवल्या, आणि म्हशीसारखी घंटा.

"तूही?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यांदा तू रेडिओ लावून झोपलीस तेव्हापासून. तीन वर्षं."

"बहीण ना तू माझी! तुलाही तोंड उघडता आलं नाही?"

"दोनदा उघडलं. एकदा तू आठवडाभर बोलली नाहीस. दुसऱ्यांदा म्हणालीस, मला काटा आणि चमचा कळतो, तुला सात वर्षं कळला नाही." ती समोर आली, थाप न मारता. "मग मी घंटा बदलली."

मी तिला म्हटलं, माझ्यामागे जा आणि काहीतरी पाड. ती नको नको म्हणत होती. मी हट्ट धरला. खुर्चीत पाठ करून बसले आणि डोळे मिटले. बराच वेळ काही नाही. मग तिचं बोट माझ्या खांद्यावर टेकलं: झालं, सांग. मी दोन बोटं वर केली. वळून बघितलं. चमचा होता.

रडायला मी बसणार नव्हतेच. वाटपाला बसले.

काळी वही: मॅडमना. काट मारलेली चौदा हॉटेलं मी पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहून काढली आहेत. ती मेलेली नाहीत. छापताना एकही गाळू नये. नाव नको तर नको, पण किटलीचं पान जसंच्या तसं राहू द्यावं.

अकरा माणसांची यादी, पत्त्यांसकट: जो कुणी माझ्या जागी येईल त्याला. आधी त्यांच्या घरी जावं, मग नव्यांकडे. चूक त्यांच्या कानाची नव्हती हे तोंडाने सांगावं, स्पष्ट, समोर बसून.

नादकाटा, ठोकला की एकच शुद्ध सूर देणारा: घड्याळजींना. त्यांना आता ऐकू येईल.

तपासणीची नळी: कुणालाही नाही. कापून टाकली.

प्रवासाची पेटी: घड्याळजींच्या सुनेला. ती म्हणाली होती, माहेरी जायला धड पेटी नाही.

कॉन्व्हेंट सोडताना जेवणघरातून चोरलेला काटा: जिन्याखालच्या मालकीणबाईला. पुन्हा कुणी तिच्या स्वयंपाकघराला मेलं म्हणालं, तर तिने तो त्याच्यामागे पाडावा आणि जे दिसेल ते त्याच दिवशी तोंडावर सांगावं. माया नंतर करावी.

आणि पावाची कड, आजपासून रोजची: धाकटीला.